एशियाड मजूर खटला

एशियाड मजूर खटला : नवी दिल्ली येथे १९८२ साली भरलेल्या नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी जी बांधकामे झाली, त्यांवरील मजुरांचे वेतन व त्यांची कामाची परिस्थिती यांसंबंधी भारताच्या सर्वोच्च न्यायालयात चाललेला खटला. ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स विरुद्ध भारत सरकार’ हे त्याचे औपचारिक नाव. १६ नोव्हेंबर १९८१ रोजी एका लहानशा नागरी हक्क संघटनेने न्यायाधीशांस लिहिलेल्या पत्रातून तो उद्भवला आणि १८ सप्टेंबर १९८२ रोजी त्याचा निर्णय झाला. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले श्रम म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध ठरविलेले सक्तीचे श्रम होत, हे तत्त्व या निर्णयाने प्रथमच प्रस्थापित केले. त्यामुळे भारतीय संविधानशास्त्रात या खटल्यास महत्त्वाचे स्थान आहे. तथापि त्याचा विचार केवळ न्यायनिर्णय म्हणून करणे अपुरे ठरते. पैसा, पद वा अधिकार यांपैकी काहीही हाती नसलेली मोजकी माणसे वर्षभराच्या चिकाटीने काय साधू शकतात आणि त्यांच्या यशाला कोणत्या मर्यादा पडतात, याचाही हा खटला एक नमुना आहे.

पार्श्वभूमी : भारतातील नागरी स्वातंत्र्याच्या संघटित चळवळीचा आरंभ ब्रिटिश अमदानीत झाला. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये मुंबई येथे भारतीय नागरी स्वातंत्र्य संघाची स्थापना झाली. रवींद्रनाथ टागोर हे त्याचे अध्यक्ष होते. राजकीय कैदी, वृत्तपत्रांवरील निर्बंध, सभाबंदी हे त्या संघाच्या कार्याचे मुख्य विषय होते. स्वातंत्र्यप्राप्तीनंतर मूलभूत हक्क संविधानातच समाविष्ट झाल्यामुळे अशा संघटनांची निकड उरली नाही, असा समज काही काळ रूढ झाला. १९७० नंतरच्या दशकात तो मोडला. प. बंगाल व आंध्र प्रदेश या राज्यांत पोलिसी दडपशाहीच्या संदर्भात नागरी हक्क समित्या निघाल्या आणि जून १९७५ मध्ये पुकारलेल्या आणीबाणीने हा प्रश्न अखिल भारतीय पातळीवर आणून ठेवला.

आणीबाणी चालू असतानाच ऑक्टोबर १९७६ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने दिल्ली येथे ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज अँड डेमोक्रॅटिक राइट्स’ ही संघटना स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद विठ्ठल महादेव तारकुंडे यांनी स्वीकारले. तारकुंडे (१९०९–२००४) हे मूळचे सासवडचे. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या मूलगामी मानवतावादाचे ते अनुयायी होते आणि १९५७ ते १९६९ या काळात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. १९७७ च्या निवडणुकीनंतर आणीबाणीचे सावट दूर झाले, तेव्हा या संघटनेतील अनेकांना आपले कार्य संपले असे वाटले व ती काही काळ निष्प्रभ झाली. १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, त्या सुमारास तिचे पुनरुज्जीवन झाले. परंतु त्याच वेळी तिच्यात दोन प्रवाह स्पष्ट झाले. ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ ही अखिल भारतीय संघटना तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखाली पुनर्घटित झाली, तर दिल्ली शाखेतील कार्यकर्त्यांनी १९८१ च्या प्रारंभी ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ (पुढे ‘संघटना’) या नावाने स्वतंत्रपणे काम सुरू केले.

हा भेद केवळ नावापुरता नव्हता. भाषण, सभा, संचार यांचे स्वातंत्र्य शासनाच्या अतिक्रमणापासून वाचविणे हा नागरी स्वातंत्र्याच्या कल्पनेचा गाभा. लोकशाही हक्कांच्या कल्पनेत त्याबरोबरच उपजीविकेचे साधन, कामाचा मोबदला आणि संघटित होण्याची मुभा यांचाही अंतर्भाव होतो. ज्याला दिवसाची मजुरीही पुरती मिळत नाही, त्याला इतर स्वातंत्र्यांचा उपभोग घेता येत नाही, अशी या कार्यकर्त्यांची धारणा होती. एशियाड मजुरांचा प्रश्न त्यांनी हाती घेतला तो या भूमिकेतून.

संघटनेचे स्वरूप : संघटनेत प्राध्यापक, वकील, पत्रकार, विद्यार्थी अशी मंडळी होती. ती आपापला व्यवसाय सांभाळून हे काम करीत. शासन किंवा परदेशी संस्था यांच्याकडून अर्थसाहाय्य घ्यावयाचे नाही, सभासदांच्या वर्गणीवर व पुस्तिकांच्या विक्रीवर खर्च भागवावयाचा, असा संघटनेचा नियम होता. कार्यपद्धतीही साधी होती. तक्रार आलेल्या ठिकाणी दोन-तीन जणांनी जावयाचे, संबंधितांना प्रत्यक्ष भेटून माहिती टिपून घ्यावयाची, अधिकाऱ्यांचे म्हणणे विचारावयाचे, लागू असलेला कायदा व प्रत्यक्ष स्थिती यांची तुलना करावयाची आणि निष्कर्ष छापून लोकांपुढे ठेवावयाचे. आरोपापेक्षा पडताळणीस अधिक महत्त्व देणारी ही पद्धत ‘सत्यशोधन’ या नावाने पुढे देशभरातील नागरी हक्क चळवळीत रूढ झाली.

क्रीडास्पर्धांची सिद्धता : पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा १९५१ साली नवी दिल्लीतच झाल्या होत्या. एकतीस वर्षांनी त्या पुन्हा तेथे भरत असल्याने त्यांना राष्ट्रीय प्रतिष्ठेचे स्वरूप आले. जवाहरलाल नेहरू स्टेडियम, इंद्रप्रस्थ बंदिस्त क्रीडागार, तालकटोरा जलतरण तलाव, खेळाडूंच्या निवासासाठी सीरी फोर्ट परिसरातील क्रीडाग्राम, त्यांखेरीज उड्डाणपूल व हॉटेले अशी अनेक कामे एकाच वेळी चालू होती. स्पर्धांचा प्रारंभ १९ नोव्हेंबर १९८२ रोजी व्हावयाचा असल्याने कामांची मुदत पुढे ढकलणे शक्य नव्हते. दिल्ली प्रशासन, दिल्ली विकास प्राधिकरण, नवी दिल्ली नगरपालिका समिती इ. शासकीय यंत्रणांनी ही कामे खासगी कंत्राटदारांकडे सोपविली होती.

कंत्राटदार मजुरांची भरती स्वतः करीत नसत. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा (आताचा ओडिशा) अशा प्रदेशांतून जमादार नावाचे मध्यस्थ मजुरांच्या टोळ्या आणीत. मजुरांची खेड्यात निवड करणे, त्यांना शहरात आणणे, कामावर लावणे आणि त्यांचे वेतन उचलून त्यांच्यात वाटणे ही सर्व कामे जमादाराकडे असत. त्यामुळे मजुराला मालक म्हणून प्रत्यक्षात जमादारच दिसे. कंत्राटदाराचा संबंध जमादाराशी, शासकीय यंत्रणेचा संबंध कंत्राटदाराशी, आणि मजुराशी थेट संबंध कोणाचाच नाही, अशी ही रचना होती. जबाबदारी टाळण्यास ती सोयीची होती.

पाहणी : या कामांवरील परिस्थितीची पाहणी करण्याचे काम संघटनेने १९८१ मध्ये तीन समाजशास्त्रज्ञांकडे सोपविले. त्यांच्या निष्कर्षांतील सर्वांत मूलगामी बाब एका रुपयाची होती. त्या काळी दिल्लीत अशा मजुरांसाठी ठरलेले किमान वेतन दररोज ९ रुपये २५ पैसे होते. कंत्राटदार ही रक्कम जमादाराकडे देत; जमादार मजुरामागे दररोज एक रुपया दलाली म्हणून कापून घेई व मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. स्त्री-मजुरांना तर रोज केवळ ७ रुपये मिळतात व उरलेली रक्कम जमादारच गिळंकृत करतात, असेही संघटनेने नमूद केले.

हा रुपया क्षुल्लक नव्हता. तो दिवसाच्या मजुरीच्या सुमारे ११ टक्के होता. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरल्यास पुरुष-मजुराचे जवळजवळ तीन दिवसांचे श्रम केवळ दलालीपोटी जात. स्त्रीच्या मजुरीतील तूट याच्या दुपटीहून अधिक होती. उलटपक्षी, शंभर मजुरांची टोळी आणणाऱ्या जमादारास काम न करता दररोज किमान शंभर रुपये मिळत. यांखेरीज चौदा वर्षांखालील मुले कामावर लावली जातात, निवारा, औषधोपचार व इतर सुविधा पुरविल्या जात नाहीत, असेही पाहणीत आढळले. या प्रत्येक बाबीसाठी त्या वेळी कायदा अस्तित्वात होता : किमान वेतन अधिनियम (१९४८), कंत्राटी कामगार अधिनियम (१९७०), समान वेतन अधिनियम (१९७६), बालकांच्या नोकरीविषयीचा अधिनियम (१९३८) आणि आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम (१९७९). त्यांपैकी शेवटचा २ ऑक्टोबर १९८० रोजी अंमलात आला होता. परंतु दिल्लीपुरते त्याखालील नियम ४ जून १९८२ पर्यंत लागू झाले नव्हते. तोपर्यंत बांधकामांचा मोठा भाग पुराही होत आला होता. कायद्यांचा अभाव हे या मजुरांचे दुखणे नव्हते. कायदा त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता, हे होते.

पत्र व याचिका : पाहणीचा अहवाल जोडून संघटनेने १६ नोव्हेंबर १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती प्रफुल्लचंद्र नटवरलाल भगवती (१९२१–२०१७) यांना पत्र लिहिले. न्यायालयाने ते रिट याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि भारत सरकार, दिल्ली प्रशासन व दिल्ली विकास प्राधिकरण यांना नोटिसा काढल्या.

पत्राचा असा स्वीकार होण्यास अनुकूल वातावरण त्यापूर्वीच काही वर्षे तयार होत होते. मुंबई कामगार सभेच्या १९७६ मधील खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दुर्बलांच्या वतीने दुसऱ्याने दाद मागण्याच्या प्रश्नाकडे उदार दृष्टीने पाहण्याची आवश्यकता प्रतिपादिली होती. १९७९ मधील हुसैनआरा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचा प्रश्न न्यायालयापुढे आला. ३० डिसेंबर १९८१ रोजी, म्हणजे प्रस्तुत पत्रानंतर सहा आठवड्यांनी, एस. पी. गुप्ता खटल्यात न्यायालयाने दारिद्र्य वा असहायता यांमुळे स्वतः न्यायालयात येऊ न शकणाऱ्यांच्या वतीने कोणाही सद्‌भावी नागरिकास दाद मागता येईल, असा स्पष्ट निर्वाळा दिला. याच मार्गाने लोकहितार्थ वाद अथवा जनहितयाचिका ही संकल्पना विकसित झाली.

या संदर्भात एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही, असा निर्णय एप्रिल १९७६ मध्ये ज्या बहुमताने दिला, त्यात न्यायमूर्ती भगवतींचा समावेश होता. उत्तरायुष्यात त्यांनी त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. जनहितयाचिकेचा पुरस्कार म्हणजे त्या निर्णयाने गमावलेली लोकमान्यता परत मिळविण्याचा न्यायसंस्थेचा प्रयत्न होता, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. प्रेरणा काहीही असली, तरी दरवाजा उघडला होता. आणि आणीबाणीच्या विरोधातून जन्मलेल्या संघटनेनेच त्याचा उपयोग करून घेतला.

सुनावणी : संघटनेची बाजू गोविंद मुखोटी यांनी मांडली. शासनपक्षाचे आक्षेप मुख्यतः तीन होते. एक, ज्यांच्या हक्कांचा भंग झाला त्या मजुरांनी दाद मागितलेली नाही व संघटनेचा स्वतःचा कोणताही हक्क डावलला गेलेला नाही. म्हणून तिला याचिका करण्याचा अधिकार नाही. दोन, मजुरांचे मालक कंत्राटदार आहेत. त्यांच्या कृत्यांबद्दल शासनाविरुद्ध याचिका होऊ शकत नाही. तीन, अनुच्छेद ३२ खालील याचिका केवळ मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल करता येते. येथे तक्रार आहे ती सामान्य कामगार कायद्यांच्या भंगाची.

वस्तुस्थितीबाबत मात्र शासनपक्षास फारसे नाकारता आले नाही. जमादार दररोज एक रुपया दलाली कापून घेतात, हे त्याने मान्य केले. बालकामगारांविषयी मात्र असा बचाव करण्यात आला, की १९३८ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत बांधकाम-उद्योगाचा उल्लेखच नसल्याने तो येथे लागू होत नाही. काही कंत्राटदारांवर खटले भरल्याचेही सांगण्यात आले. परंतु दंडाधिकाऱ्यांनी त्यांत किरकोळ दंड करून आरोपींना सोडून दिल्याचे दिसून आले.

न्यायालयाने ११ मे १९८२ रोजी अंतरिम आदेश दिला व ऑम्बुड्झमन या नावाने तीन निरीक्षकांची नियुक्ती केली. बांधकामाच्या जागांना भेटी देऊन कायद्यांचे पालन होते किंवा नाही हे पाहणे व न्यायालयास अहवाल सादर करणे, हे त्यांचे काम होते. स्पर्धांना तेव्हा सहा महिने उरले होते. अंतिम निर्णयाची वाट न पाहता कामावरील मजुरास तत्काळ संरक्षण देण्याची ही रीत पुढील अनेक जनहितयाचिकांत अनुसरली गेली.

निर्णय : न्यायमूर्ती भगवती व न्यायमूर्ती बहरुल इस्लाम यांच्या पीठाने १८ सप्टेंबर १९८२ रोजी दिलेल्या निर्णयात शासनाचे तीनही आक्षेप फेटाळले. लोकहितार्थ वाद हा दोन प्रतिपक्षांमधील झगडा नसून दुर्बल घटकांना त्यांचे हक्क मिळवून देण्यासाठी न्यायालय, याचिकाकर्ता व शासन यांनी मिळून करावयाचा प्रयत्न आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. कंत्राटदारांकडून कायद्यांचे पालन करवून घेणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि ते त्याला कंत्राटाआड लपून टाळता येणार नाही, असे ठरले. अनुच्छेद १७, २३ व २४ यांत दिलेले हक्क केवळ शासनाविरुद्ध नसून खासगी व्यक्तींविरुद्धही आहेत. म्हणजेच अस्पृश्यतेप्रमाणेच सक्तीचे श्रम व बालश्रम यांच्या बाबतीत खासगी मालकाला ‘मी शासन नव्हे’ असे म्हणून सुटता येत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

प्रत्येक कामगार कायद्याचे मूलभूत हक्कांशी असलेले नाते न्यायालयाने दाखवून दिले. समान वेतन अधिनियमाचा भंग हा अनुच्छेद १४ मधील समतेच्या तत्त्वाचा भंग ठरला. कंत्राटी व स्थलांतरित कामगारांविषयीचे अधिनियम माणसाच्या प्रतिष्ठेचे रक्षण करण्यासाठी असल्याने त्यांचा भंग अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग मानला गेला. बांधकाम हा धोक्याचा व्यवसाय असल्यामुळे १९३८ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत त्याचा उल्लेख असो वा नसो, अनुच्छेद २४ अन्वये चौदा वर्षांखालील मुलास त्यात कामास ठेवता येणार नाही, असा निर्वाळा देऊन ती त्रुटी दूर करण्याची सूचनाही करण्यात आली. कामगार कायद्यांचा भंग करणाऱ्यांना नाममात्र दंडावर सोडल्यास ते कायदे निरर्थक होतात, अशी समज दंडाधिकाऱ्यांना देण्यात आली [⟶ मूलभूत हक्क].

सक्तीच्या श्रमाचा अर्थ : निर्णयाचा सर्वांत दूरगामी भाग किमान वेतनाविषयी होता. अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार, वेठ व तत्सम सक्तीचे श्रम यांना मनाई केली आहे. मजूर स्वेच्छेने आला, ठरलेली मजुरी त्याने मान्य केली व तो केव्हाही काम सोडून जाऊ शकत होता. मग यात सक्ती कोठे आहे, असा प्रश्न होता. न्यायालयाने उत्तर दिले, की सक्ती तीन प्रकारची असू शकते : शारीरिक बळाची, कायद्याच्या धाकाची आणि आर्थिक परिस्थितीची. भूक व दारिद्र्य यांनी ग्रासलेल्या माणसापुढे दुसरा पर्याय नसतो. म्हणून त्याची संमती ही खरी संमती नव्हे. किमान वेतन मिळण्याचा हक्क असताना त्याहून कमी वेतनावर कोणी काम करीत असेल, तर तो अशा सक्तीखालीच करीत आहे असे गृहीत धरले पाहिजे.

महाराष्ट्रातील वाचकास या विवेचनाची पार्श्वभूमी अपरिचित नाही. वतनाच्या नावाखाली महारांकडून अहोरात्र घेतल्या जाणाऱ्या कामांविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी १९४५ पासून किसान सभेच्या नेतृत्वाखाली जमीनदारांच्या वेठीविरुद्ध लढा दिला. गोदावरी व शामराव परुळेकर यांचा त्यातील सहभाग सर्वज्ञात आहे. त्या वेठीतील सक्ती उघड होती. तिच्यामागे रूढी होती, जमीनदाराचे कर्ज होते आणि त्याचा चाबूकही होता. दिल्लीतील मजुराच्या बाबतीत यांपैकी काहीच दिसत नव्हते. तरीही परिणाम तोच होता. उपजीविकेची भ्रांत असलेला माणूस काम मिळविण्यासाठी आपल्या हक्कांवर पाणी सोडतो, हे डॉ. आंबेडकरांनी १९४७ मधील आपल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात दाखवून दिले होते. १९८२ च्या निर्णयाने हाच विचार कायद्याच्या भाषेत आला, असे म्हणता येते.

फलित व मर्यादा : खटल्याचे तात्कालिक फलित म्हणजे जमादाराची दलाली बेकायदा ठरली व वेतन कोणतीही कपात न करता थेट मजुराच्या हाती पडले पाहिजे, हे मान्य झाले. निरीक्षकांच्या भेटींमुळे कामाच्या जागा काही काळ देखरेखीखाली आल्या. पुढील काळात या निर्णयाचा आधार अनेक खटल्यांत घेतला गेला. संजित रॉय खटल्यात (१९८३) राजस्थानातील दुष्काळी कामांवरील मजुरांनाही किमान वेतन दिलेच पाहिजे, मदतकार्य म्हणून शासनास त्यात सूट मिळत नाही, असे ठरले. दुष्काळी कामे व रोजगार हमी योजना यांचा दीर्घ अनुभव असलेल्या महाराष्ट्राच्या दृष्टीनेही ते तत्त्व महत्त्वाचे होते. त्याच वर्षी बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात हरयाणातील दगडखाणींवरील वेठबिगारांचा प्रश्न सुटण्यास चालना मिळाली. मुंबईतील पदपथवासीयांच्या प्रसिद्ध ओल्गा टेलिस खटल्यातही (१९८५) पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज व कमिटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ डेमोक्रॅटिक राइट्स या संघटना याचिकाकर्त्यांमध्ये होत्या. १९८६ च्या बालकामगार अधिनियमाच्या अनुसूचीत बांधकाम-उद्योगाचा समावेश झाला आणि १९९६ मध्ये बांधकाम-कामगारांसाठी स्वतंत्र अधिनियम संमत झाला. प्रस्तुत खटल्यात चर्चिलेले बहुतेक कामगारविषयक अधिनियम पुढे २०१९ व २०२० मध्ये संमत झालेल्या श्रमसंहितांमध्ये अंतर्भूत करण्यात आले.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. अंतिम निर्णय झाला तेव्हा स्पर्धांना दोनच महिने उरले होते. काम संपताच टोळ्या पांगतात. मजूर दुसऱ्या कामावर किंवा गावी परततो. अशा मजुराला मागील महिन्यांत कापला गेलेला रुपया शोधून देणे कोणत्याही न्यायालयास कठीण असते. हक्क प्रस्थापित झाला, परंतु तो ज्यांच्या निमित्ताने झाला त्यांच्यापैकी पुष्कळजण तोवर निघून गेले होते. शिवाय निर्णयाची अंमलबजावणी अखेर श्रम-निरीक्षक व दंडाधिकारी यांच्यावरच अवलंबून होती आणि तक्रार होती ती नेमकी त्यांच्याच शैथिल्याची.

पद्धतीवरही आक्षेप घेण्यात आले. एखाद्या विशिष्ट न्यायाधीशास पत्र लिहून दाद मागणे योग्य नव्हे, पत्र न्यायालयास उद्देशून असले पाहिजे, असे मत न्यायमूर्ती पाठक यांनी बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात व्यक्त केले. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्ररूप याचिकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरविली. मजुरांच्या वतीने इतरांनी बोलण्यातही एक धोका असतो. मजुरांची स्वतःची संघटना उभी राहिली नाही, तर न्यायालयाचे लक्ष दुसरीकडे वळताच पूर्वस्थिती परत येते.

हा धोका काल्पनिक नव्हता, हे पुढे दिसून आले. ऑक्टोबर २०१० मध्ये राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा दिल्लीत भरावयाच्या होत्या. त्यांच्या क्रीडाग्रामाच्या बांधकामावरील मजुरांची पाहणी करून याच संघटनेने २००९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. किमान वेतनाहून कमी मजुरी, मध्यस्थांमार्फत भरती व अपुरा निवारा हे त्यातील निष्कर्ष १९८१ च्या निष्कर्षांशी मिळतेजुळते होते. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २०१० मध्ये नेमलेल्या समितीलाही कायद्यांचे उल्लंघन होत असल्याचे आढळले. जवळजवळ तीन दशकांच्या अंतराने, त्याच शहरात, तशाच निमित्ताने तीच तक्रार पुन्हा करावी लागली.

मूल्यमापन : या दुसऱ्या तक्रारीवरून पहिला खटला व्यर्थ गेला, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. १९८१ मध्ये संघटनेला प्रथम हे सिद्ध करावे लागले, की मजुरांच्या वतीने बोलण्याचा तिला अधिकार आहे, त्यांच्या वेतनाचा प्रश्न हा संविधानाचा प्रश्न आहे आणि कंत्राटदाराच्या कृत्याचा जाब शासनास विचारता येतो. २०१० मध्ये यांपैकी काहीही नव्याने सिद्ध करावे लागले नाही. कमी मजुरी ही तोपर्यंत केवळ मालक व मजूर यांच्यातील घासाघीस राहिली नव्हती. ती मूलभूत हक्काच्या भंगात मोडत होती. नागरी हक्कांच्या कार्यात प्रगती बहुधा अशीच होते. अन्याय एका निर्णयाने नष्ट होत नाही, पण त्याला अन्याय म्हणण्याचा अधिकार पक्का होतो व पुढच्या वेळी सुरुवात एक पायरी वरून करता येते.

संघटनेच्या त्या वर्षीच्या कार्यात नाट्यपूर्ण असे काही नव्हते. तीन अभ्यासकांनी बांधकामांवर जाऊन चौकशी केली, एका पत्रात तिचे सार लिहिले गेले आणि एका वकिलाने ते न्यायालयात मांडले. परंतु मजुरीतील तूट पैशापर्यंत अचूक मोजली गेली असल्यामुळे ती शासनास नाकारता आली नाही. १९ नोव्हेंबर १९८२ रोजी जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये स्पर्धांचे उद्‌घाटन झाले. त्या वास्तू ज्यांनी उभारल्या, त्यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नाहीत. त्यांच्या श्रमांची कायमची नोंद झाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयात, आणि तीही त्यांच्या मजुरीतून दररोज कापल्या जाणाऱ्या एका रुपयाच्या निमित्ताने.